काकांच्या मॉरिस मायनरचा डबा आणि त्यातलं इलेक्ट्रिकचं सामान

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून बघितले. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. साताऱ्याजवळ काकांची १९५३ ची मॉरिस मायनर, ८०३ सीसी इंजिनवाली, बावीस वर्षं शेडमध्ये उभी. तिचं सगळं बघणारा मेकॅनिक आता हयात नाही. गाडीबरोबर बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा मिळालाय, त्यात कटआउटसारखं काहीतरी, दोन कॉइल, तीन पत्र्याच्या डब्या, एक सोलेनॉइड, घुमटासारखं बटण असलेला एक गंजका स्विच आणि वायरचे तुकडे. गाडीतलं वायरिंग अर्धं कापलेलं. तुम्ही विचारताय की ह्या एकेकाला म्हणतात काय आणि कुठं लावायचं. आणि जाता जाता एक ओळ टाकलीये की बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली दिसते, कुणीतरी चुकून केलं असणार, ती उलटी करून घेऊ का.

आधी त्या ओळीचं बोलू. करू नका. ती चूक नाहीये. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असायच्या, म्हणजे बॅटरीचं प्लस चासीला आणि मायनस वायरिंगला. साठच्या दशकात हळूहळू सगळे निगेटिव्ह अर्थवर आले, त्यामुळे आजच्या पोरांना ते उलटं वाटतं. आणि त्यांच्याच कशाला नावं ठेवू, मी स्वतः हेच केलंय. नाना पेठेत उस्तादांच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा, एक जुनी ऑस्टिन आली होती, उस्ताद जेवायला गेलेले, मी शहाणपणा करून बॅटरी "सरळ" लावून दिली. गाडी चालू झाली, दिवेही लागले, मी खूश. पाच मिनिटांत कटआउटचे, म्हणजे डायनमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले आणि डायनमोच्या, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या, वायरमधून धूर. उस्तादांनी काय शब्द वापरले ते इथं लिहीत नाही.

असं होतं कारण बल्बला, सेल्फला पोलॅरिटीचं काही घेणंदेणं नसतं, पण डायनमोच्या आतल्या लोखंडात थोडंसं मॅग्नेटिझम शिल्लक राहिलेलं असतं आणि तो त्याच दिशेने करंट बनवत राहतो. बॅटरी उलटी केली आणि डायनमोला ते "सांगितलं" नाही तर दोघं एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात आणि मधे सापडतो तो कटआउट. निगेटिव्ह अर्थ करता येतं, त्याला पद्धत आहे, पण ते नंतर, गाडी नीट चालायला लागल्यावर आणि काही कारण असेल तरच.

आता खरा मुद्दा. नावं मी एका दमात सांगू शकतो, पण नाव कळून तुमचं काम होणार नाही, कारण माझ्या मते त्या डब्यातला निम्मा माल तुमच्या गाडीचा नाहीच. जुने मेकॅनिक काहीच टाकत नसत. दुसऱ्या कुठल्या गाडीचं काढलेलं, भंगारातून आणलेलं, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेलं, सगळं एकाच डब्यात. तेव्हा प्रश्न असा आहे की ह्यातलं तुमच्या मायनरचं कोणतं, बदलून लावलेलं पण चालण्यासारखं कोणतं, आणि निव्वळ पाहुणा कोण. तेवढं कळलं की लावायचं कुठं ते पार्ट स्वतःच सांगतो.

कुठलाही पार्ट हातात आला की मी आधी त्याची बॉडी पुसतो. रॉकेल आणि जुना टूथब्रश, पॉलिश पेपर अजिबात नाही, कारण आपल्याला जे वाचायचंय ते पत्र्यात ठोकलेलं असतं आणि पेपरने तेच आधी जातं. लुकास म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचं इलेक्ट्रिकचं सामान बनवणारी कंपनी, तिच्या पार्टवर साधारण पाच आकडी नंबर असतो, पुढं कधी एखादं अक्षर. पहिले दोन आकडे बघा. २२ ने सुरू होणारा डायनमो, २५ चा सेल्फ, ३७ म्हणजे कटआउट-रेग्युलेटर किंवा फ्यूजबॉक्स, ४० डिस्ट्रिब्यूटर, ४५ कॉइल, ७५ वायपरची मोटर. त्याच्या जवळपास अजून एक छोटा आकडा ठोकलेला असतो, उदाहरणार्थ ८ ५३. तो महिना आणि साल, म्हणजे ऑगस्ट १९५३. (पुढं पुढं महिन्याऐवजी आठवड्याचा आकडा यायला लागला, म्हणून ३२ ६८ असं काही दिसलं तर दचकू नका.) पार्टची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची असेल तर तो बहुतेक मूळचा. आधी पार्ट बनणार, मग गाडी जुळणार, मग जहाजाने इकडे येणार, त्यामुळे सहा-आठ महिन्यांचं अंतर सहज असू शकतं. गाडीनंतरची तारीख असेल तर तो नक्कीच नंतर बसवलेला.

दुसरी सोपी खूण आपल्या देशातली. पार्टवर लुकास-टीव्हीएस असं लिहिलेलं असेल तर तो १९६१ नंतरचाच, कारण ती कंपनीच त्या साली मद्रासला उभी राहिली. म्हणजे तुमच्या गाडीच्या जन्मानंतर आठ वर्षांनी. तुमच्या दुसऱ्या कॉइलवर मला ते अक्षर अर्धवट दिसतंय. त्याने पार्ट वाईट ठरत नाही बरं का, फक्त तो नंतर आला एवढंच कळतं.

आता एकेक घेऊ. तो काळा चौकोनी डबा, खाली पाच टर्मिनल, त्यावर ए, ए-वन, एफ, डी आणि ई. ह्याला आपल्याकडे सगळे सरसकट कटआउट म्हणतात पण आत दोन वेगळी माणसं बसलेली असतात, एक कटआउट आणि एक रेग्युलेटर. डी ला डायनमोची मोठी वायर, एफ ला डायनमोच्या फील्डची (आतलं मॅग्नेटिझम तयार करणाऱ्या गुंडाळीची) बारीक वायर, ई म्हणजे अर्थ, ए वरून बॅटरीकडे आणि ए-वन वरून गाडीचा लोड, म्हणजे लाइट आणि इग्निशनचा स्विच. झाकण काढून बघा, तारेची दोन रिळं दिसली पाहिजेत. तुमच्या फोटोत दोनच आहेत, छान, ते तुमच्या काळाला आणि डायनमोला जुळतं. तीन रिळं असती तर तो पुढच्या काळातला बॉक्स आणि मग मी सांगितलं असतं की बाजूला ठेवा.

ह्या दोन रिळांमधलं कटआउट कोणतं आणि रेग्युलेटर कोणतं हे लोक तारेच्या जाडीवरून ओळखायला जातात आणि फसतात. सोपी खूण सांगतो, बॉक्स टेबलावर असताना पॉइंट बघा. ज्याचे पॉइंट आरामात असताना उघडे असतात तो कटआउट, ज्याचे चिकटलेले असतात तो रेग्युलेटर. कामच तसं आहे. कटआउट म्हणजे वाड्याचा दरवान, डायनमोचा व्होल्टेज साधारण १२.७ ते १३.३ च्या दरम्यान पोचला की पॉइंट जुळवून दार उघडतो आणि करंट बॅटरीकडे जाऊ देतो, आणि इंजिन मंद झालं की दार लावतो, नाहीतर बॅटरी उलट डायनमोमधे रिकामी होईल. रेग्युलेटर सुरुवातीपासून जोडलेला असतो आणि व्होल्टेज जास्त झाला की फील्ड तोडून आवरतो. म्हणूनच गाडीवर बॅटरी लावलेली असताना कटआउटचे पॉइंट बोटाने दाबून बघायची खोड असते काही जणांना, ती करू नका, बॅटरीचा सगळा करंट डायनमोत जातो आणि मग माझ्यासारखा धूर बघायला मिळतो. स्क्रू फिरवायचे नाहीत. पॉइंटमधून बारीक पॉलिश पेपरची पट्टी एकदोनदा ओढा, स्पिरिट लावलेल्या कागदाने पुसा, झाकण लावा, विषय संपला.

कॉइल, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचा स्पार्कपुरता मोठा व्होल्टेज करणारी गुंडाळी. पहिलीवर एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलंय. एसडब्ल्यू म्हणजे स्विच, सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, आपण ज्याला डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट म्हणतो ते. ही जुन्या काळची खूण, तुमच्या गाडीची असायची दाट शक्यता. लुकास-टीव्हीएसवालीवर प्लस आणि मायनस असणार. ती लावायची झाली तर पॉझिटिव्ह अर्थमधे मायनस इग्निशन स्विचकडे आणि प्लस डिस्ट्रिब्यूटरकडे, आजच्या गाडीच्या बरोबर उलटं. उलटी लावली तरी गाडी चालू होते, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कळत नाही, फक्त स्पार्क कमजोर पडतो आणि घाटात इंजिन मिसिंग करायला लागतं. पण लावायच्या आधी मल्टीमीटरने दोन बारीक टर्मिनलमधलं रेझिस्टन्स मोजा. मीटरच्या दोन्ही काड्या आधी एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा, एवढ्या कमी ओममधे तेवढ्यानेही फरक पडतो. तीन ओम किंवा थोडं वर आलं तर साधी बारा व्होल्टची कॉइल, चालेल. दीडच्या आसपास आलं तर ती नंतरच्या गाड्यांची, बाहेर वेगळा रेझिस्टन्स लावून चालवायची कॉइल. ती तुमच्या गाडीत सरळ जोडलीत तर तापून लाल होईल आणि पॉइंट खाईल. फोटोवरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून मीटरशिवाय ह्याचं उत्तर कुणीही देऊ नये, मी पण देत नाही.

तीन पत्र्याच्या डब्या. सगळ्यात छोटी, कानाला भोक आणि एकच वायर, ती डिस्ट्रिब्यूटरचा कंडेन्सर, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. बावीस वर्षं पडलेला कंडेन्सर मी वापरत नाही, चांगला निघाला तरी नाही, रस्त्यात तापल्यावर दगा देणारा पहिला पार्ट हाच. दुसरी जरा मोठी, तीही एकाच वायरची, त्यावर बहुतेक १ मायक्रोफॅरड लिहिलेलं असेल. तिला बघून सगळे "मोठा कंडेन्सर" म्हणून पॉइंटला लावायला जातात. तो रेडिओचा आहे, म्हणजे रेडिओत घुरघुर येऊ नये म्हणून डायनमोच्या डी टर्मिनलला किंवा कॉइलच्या स्विचकडच्या बाजूला लावायचा. डायनमोच्या एफ ला कधीच नाही. तो डब्यात आहे म्हणजे काकांच्या गाडीत कधीकाळी रेडिओ होता की काय? डॅशबोर्डखाली भोकं दिसतायत का बघा जरा, मला उत्सुकता आहे.

तिसरी गोल डबी, खाली तीन पिना, एल, पी आणि बी. हा फ्लॅशर, इंडिकेटर लुकलुकवणारा. आणि हा पाहुणा. १९५३ च्या मायनरला लुकलुकणारे इंडिकेटर नव्हतेच, पुढच्या दरवाजामागच्या खांबातून हातासारखी पिवळसर पट्टी बाहेर यायची, ट्रॅफिकेटर. खांबावर उभी फट दिसेल. ती जॅम व्हायला लागली की आपल्याकडे बरेच जण नंतर पुढेमागे इंडिकेटर बसवून घ्यायचे, तसंच काकांनी केलेलं दिसतंय. आता ठेवायचं की काढायचं हे तुमच्यावर आहे. गाडी नुसती प्रदर्शनाला न्यायची असेल तर काढा. पण सातारा-पुणे हायवेवर चालवणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, पट्टी आणि इंडिकेटर दोन्ही ठेवा. तीन वॅटचा बल्ब असलेली ती पट्टी तुमच्या मागच्या बाइकवाल्याला काय आहे ते कळणारसुद्धा नाही. व्हिंटेज रजिस्ट्रेशनची भीती त्यात नको, केंद्राचे २०२१ चे नियम पन्नास वर्षांवरच्या गाडीत चासी, बॉडी आणि इंजिनाचा मोठा बदल नको म्हणतात, इंडिकेटरवरून कुणी अडवलेलं मी पाहिलेलं नाही. फ्लॅशर मात्र हा जुना, आतली तार तापून चालणाराच वापरा. दुकानातला नवीन इलेक्ट्रॉनिक आणलात तर तो पॉझिटिव्ह अर्थवर चालणार नाही.

सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा मोठा करंट जोडणारा विजेवरचा स्विच, तोही पाहुणाच. तुमच्या मायनरला सेल्फ मारायला डॅशवरची खुंटी ओढायची असते, तिची केबल थेट सेल्फच्या स्विचवर जाते, मधे सोलेनॉइड नाही. खुंटी आणि केबल शाबूत असेल तर त्या सोलेनॉइडकडे बघूही नका. कुणी बटणावर सेल्फ करून ठेवला असेल तर मात्र तो त्या कामाला आणलेला असू शकतो, म्हणून डॅशवर नंतर पाडलेलं एखादं भोक आहे का ते आधी तपासा.

घुमटवाला स्विच म्हणजे डिपर, हेडलाइट अपर-लोअर करणारा. हातात नाही, पायात. क्लचच्या डावीकडे फरशीवर दोन स्क्रूची भोकं असतील तिथं. तीन टर्मिनल, एकात करंट येतो, दाबलं की आलटून पालटून दुसऱ्या दोनांत जातो. पावसाळ्यात चपलेचा चिखल आणि पाणी सगळं ह्याच्यावर, त्यामुळे तुमचा इतका गंजलाय. डिझेलमधे दोन दिवस बुडवून ठेवा, सुटतो बहुतेक.

आता वायर, कारण कुठं लावायचं ह्याचं खरं उत्तर तिथं आहे. तुम्ही लिहिलंय की सगळ्या वायर एकाच मातकट रंगाच्या आहेत. नाहीत. कापडी वेणीच्या वायरचा बाहेरचा भाग उन्हा-धुळीने तसा होतो. जिथं वायर रबरी बुशातून पत्र्याच्या आरपार जाते किंवा क्लिपखाली दाबलेली आहे तिथं जरा सरकवून बघा, आत सत्तर वर्षांपूर्वीचा रंग जसाच्या तसा सापडतो. मला तो क्षण अजून आवडतो. तपकिरी म्हणजे बॅटरीकडची कायम जिवंत वायर. पांढरी इग्निशन चालू केल्यावरची. हिरवी इग्निशनचीच पण फ्यूजमधून आलेली. निळी हेडलाइट, त्यात निळ्यावर पांढरा धागा अपर आणि निळ्यावर लाल धागा लोअर. लाल साइड लाइट आणि टेल लाइट. पिवळी डायनमोच्या डी ची, पिवळ्यावर हिरवा धागा एफ ची. काळी अर्थ. म्हणजे डिपरला एक निळी, एक निळी-पांढरी, एक निळी-लाल सापडली पाहिजे, कॉइलच्या एसडब्ल्यूला पांढरी. आणि डॅशच्या मागे मधेच एखादी चकचकीत प्लास्टिकची वायर दिसली की समजायचं हे नंतर कुणीतरी केलेलं, तिच्या रंगावर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही, दोन्ही टोकं मीटरने मोजायची. पांढरी पिवळी मिळाली नाही तर मिळेल ती लावणारे आम्हीच, काय सांगायचं.

डायनमो गाडीवरच आहे म्हणालात. तो एकदा खाली उतरवून तपासा, पट्टा काढायचा, दोन्ही वायर सोडवायच्या. मोठं टर्मिनल डी, बारीक एफ, दोन्ही एका वायरने जोडा आणि त्या जोडावर बॅटरीचं मायनस, बॉडीला प्लस. चांगला डायनमो मोटरसारखा गुळगुळीत फिरतो आणि पाचेक अँपिअर घेतो. झटके देत फिरला किंवा खूपच करंट ओढला तर कार्बन, बुश किंवा आर्मेचर, पैकी काहीतरी आहे. मागच्या टोकाला तेलाचं बारीक भोक असतं, तिथं दोन-तीन थेंब, जास्त नाही, जास्त टाकलं की कम्युटेटरवर जातं. परत बसवल्यावर, एफ ची वायर सुटी असतानाच, बॅटरीच्या जिवंत टोकावरून, म्हणजे तुमच्याकडे मायनसवरून, एक वायर आणून डायनमोच्या एफ ला दोन-तीनदा नुसती टेकवा, बारीक ठिणगी येईल. ह्याने त्याला दिशा आठवते. बावीस वर्षांत तो विसरलेला असू शकतो.

बॅटरी पहिल्यांदा जोडताना मात्र सरळ जोडू नका. बॅटरी आणि बॉडीच्या मधे एक २१ वॅटचा बल्ब सिरीजमधे लावा, सगळे स्विच बंद ठेवून. बल्ब पेटला नाही तर ठीक. भगभगीत पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि तो शोधेपर्यंत बल्बच तुमचा फ्यूज आहे, वायरिंग जळत नाही. मग इग्निशन चालू करा, फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचा) एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप टक-टक करायला बघेल, बल्ब पेटेल, तो शॉर्ट नाही, घाबरू नका. मात्र पंप गप्प बसला तर त्याचं बेकलाइटचं टोपण काढून पॉइंट बघा, इतकी वर्षं उभ्या गाडीत ते हमखास काळे पडतात.

काही घ्यायची घाई करू नका. कंडेन्सर, पॉइंट आणि रबरी बुश सोडून तुम्हाला आत्ता काहीच विकत घ्यायची गरज दिसत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी आलात तर खिशात मल्टीमीटर ठेवा, तिथं प्रत्येक कॉइल "एकदम ओरिजिनल साहेब" असते.

तर आता तीन गोष्टी कळवा. डायनमोच्या बॉडीवरचा नंबर आणि त्याच्या शेजारचा छोटा आकडा, दोन्ही कॉइलचं ओममधलं रीडिंग, आणि सेल्फची खुंटी डॅशवर आहे की कुणी काढून टाकलीये. फोटो काढणार असाल तर टर्मिनलच्या बाजूने काढा, वरून नको. आणि हो, तो डबा कुणाला "साफ करायला" देऊ नका.